गहू बंद करणारे फादर

२०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, त्र्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं आणि आमचे नाना हट्टाला पेटले. "मला तिकडं घेऊन चल." नाना म्हणजे माझे धाकटे चुलते. वय ऐंशीच्या पुढं, एका डोळ्यानं कमी दिसायचं, अक्षरओळख सहीपुरती. संमेलनात तुमचं काय काम, असं माझ्या मुलानं विचारलं तर म्हणाले, "मला संमेलनाचं काय बी करायचं नाही. फादर खुर्चीवर बसलालेत न्हवं, तेवढं बघून येतो."

ते फादर म्हणजे वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ख्रिस्ती धर्मगुरूनं संमेलनाच्या अध्यक्षपदी बसायची ती पहिलीच वेळ. सप्टेंबर २०१९ मध्ये नाव जाहीर झालं तेव्हापासून विरोध सुरू होता. उद्घाटक ना. धों. महानोर यांनाही जाऊ नका म्हणून सांगणारे निघाले होते. महानोर आले. दिब्रिटोही पाठीच्या दुखण्यानं बेजार असताना आले. आम्ही दोघं १० तारखेला लातूरला एसटी बदलून पोचलो. संमेलननगरीला संत गोरोबाकाकांचं नाव दिलेलं, त्यांचं तेर तिथून जवळच. बंदोबस्त दांडगा होता. नानांच्या सदऱ्याच्या गुंडीतून जपमाळेचा क्रूस बाहेर आला होता. मी तो आत ढकलला. त्यांनी परत बाहेर काढला.

मांडवात बसलो तर पुढच्याच रांगेत माझ्या शाळेतले तीन जुने शिक्षक. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली, पण मी ख्रिस्ती आहे हे त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नव्हतं. का, ते पुढं येईलच. आधी नानांना त्या खुर्चीचं एवढं अप्रूप का होतं ते सांगतो. त्यासाठी चाळीस वर्षं मागं जावं लागेल.

आमचं गाव मांजरा आणि तेरणेच्या मधल्या पट्ट्यातलं. तेव्हा जिल्हा उस्मानाबादच होता, लातूर वेगळा झाला तो १९८२ साली. मांगवाड्यात आमची अकरा घरं ख्रिस्ती. आजोबांना आम्ही आबा म्हणायचो. १९४१ साली कसबे तडवळ्याला बाबासाहेबांनी महार-मांग वतनदारांची परिषद घेतली, तेव्हा आबा लातूरहून बार्शी लाइनच्या छोट्या गाडीनं तिकडं गेले होते. गावकीची हलकी कामं सोडा, हे त्यांनी तिथं कानांनी ऐकलं. ऐकून आले, पण सोडणार कशी? निजामाचं राज्य, वर गावाची पाटीलकी. रझाकारांची धामधूम झाली, १९४८ चा सप्टेंबर आला, राज्य बदललं, तरी हलगी आमच्याच गळ्यात राहिली. त्यानंतर काही वर्षांनी एक गोरे फादर सायकलवरून वाड्यात आले आणि आबांच्या ओसरीवर बसून पाणी प्याले. आबा एवढंच सांगायचे. बाकी धर्मबिर्म नंतर. "त्यानं तांब्या तोंडाला लावला", हे वाक्य मात्र ते दर वेळी म्हणायचे.

औरंगाबादच्या बाजूला, घोगरगावकडं, फ्रेंच मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीलाच काम सुरू केलं होतं. आमच्याकडं कॅथलिक लोण उशिरा आणि पातळच आलं. आमच्या भागात मेथडिस्ट मंडळी जुनी. आम्ही त्यांच्यातही नाही आणि गावातही नाही. फादर दोन-दोन महिने फिरकायचे नाहीत. आले की मातीच्या खोलीत मिस्सा व्हायची. आधी ती लॅटिनमधून होती, फादर लोकांकडं पाठ करून उभे राहायचे. आईला कुणीतरी विचारलं होतं, तुला काय समजतं गं त्यातलं? ती म्हणाली होती, "ते देवाशी बोलतेत, माझ्याशी थोडंच बोलतेत." १९६२ ते ६५ मध्ये रोमला व्हॅटिकनची दुसरी परिषद झाली आणि लोकांच्या भाषेत उपासना करायला मोकळीक मिळाली. मला आठवते ती मिस्सा मराठीच. पण ती मराठी पुस्तकातली, इस्त्री केलेली. आमच्या तोंडात ती घुसळायची.

मिस्सा झाली की गहू मिळायचा. हे आडपडद्यानं सांगण्यात अर्थ नाही. १९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. रोजगार हमीच्या कामावर सुकडी मिळायची आणि मिशनकडून अमेरिकेच्या मदतीचा गहू, दुधाची पावडर, तेलाचे डबे. डब्यावर हातात हात दिलेलं चित्र. तेल संपलं की त्याच डब्याचं झाकण दाराला, पत्रा मोरीला. आमच्या निम्म्या वाड्यावर ते हात दिसायचे. दुष्काळ सरला तरी धान्य थोडंथोडं येत राहिलं. धर्मशिक्षक, ज्यांना आम्ही मास्तर म्हणायचो, ते वहीत नावापुढं खूण करायचे. ज्याच्या खुणा पुऱ्या त्याला पूर्ण माप, ज्याच्या कमी त्याला कमी. गावातली पोरं आम्हाला पावडरीचे किरिस्ताव म्हणून चिडवायची. राग यायचा, पण पावडर गोड लागायची.

डिसेंबर १९७७ मध्ये अमरावतीतून औरंगाबाद धर्मप्रांत वेगळा निघाला आणि मराठवाडा त्यात आला. डॉमिनिक आब्रेओ पहिले बिशप. आम्हाला त्याचा पत्ता लागला तो तीनेक वर्षांनी, नवे फादर आले तेव्हा. पस्तिशीच्या आतलेच असतील. सावळे, ठेंगणे, राजदूत फटफटी. वसईकडचे. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. त्यांचं मराठी आम्हाला कळेना, आमचं त्यांना. पहिल्या प्रवचनात ते केळीच्या वाड्या आणि विहिरीवरच्या रहाटाबद्दल बोलले. आमच्याकडं विहीर होती ती पाटलाची, आणि तिथं आम्हाला पोहरा टाकायची परवानगी नव्हती. महिनाभरात त्यांनी प्रवचन सोडून दिलं आणि नुसतेच ओसरीवर येऊन बसायला लागले. 'कामून' हा शब्द त्यांना फार आवडला होता. कुठंही वापरायचे.

मास्तरांची वही त्यांनी एका रविवारी पाहिली. ह्या खुणा कसल्या, विचारलं. मास्तरांनी सांगितलं. फादरांनी वही मिटली, आत नेली, ती परत कुणाला दिसली नाही. पुढच्या मिस्सेत म्हणाले, आजपासून इथं गहू मिळणार नाही. लेकरांचं दूध चालू राहील. मोठ्या माणसांना धान्य नाही.

अकरा घरांतली पाच घरं त्या उन्हाळ्यात यायची बंद झाली. मास्तर रुसून मुखेडला आपल्या मेव्हण्याकडं गेले. आमच्या घरात आबा गप्प, आई शिव्या घालायची. "लई शिकलेले आलेत. ह्यांच्या वाडीत केळी पिकतेत, ह्यांना काय कळतंय." आणि एक म्हातारी होती, भागाकाकू म्हणू. पोरगं पुण्याला हमालीला गेलं ते तिकडंच राहिलं. तिचं पोट त्या मापावरच होतं. ती रोज मिस्साघराच्या दाराशी येऊन बसायची. काही मागायची नाही. फादर तिला स्वतःच्या ताटातली भाकरी द्यायचे, पण ते असले तर. ते तर आठवड्यातले चार दिवस दुसऱ्या गावी.

सुगीत त्यांनी दुसरी गोष्ट काढली. प्रत्येक घरानं एक पायली ज्वारी आणून कणगीत टाकायची. अडचणीला न्यायची, पुढच्या सुगीला परत टाकायची, वर अडशिरी जास्तीची. हिशेब खडूनं फळ्यावर, सगळ्यांना दिसेल असा. ज्याला वाचता येत नाही त्याच्या नावापुढं चित्र. नानांच्या नावापुढं हलगी काढली होती, मीच काढली. पहिल्या वर्षी चौदा पायल्या जमल्या. तीन घरं सहा घरांपेक्षा जास्त टाकत होती, कारण ती तिघं सालगडी होते आणि त्यांना पसाभर धान्य हातात असायचं. तिसऱ्या वर्षी गेलेल्या पाच घरांतली दोन परत आली, आणि एक घर तर ख्रिस्ती नसलेलं, रामोश्याचं, तेही कणगीत आलं. फादरांनी कुणाला मिस्सेला ये म्हटलं नाही. पण कणगी सुरू व्हायला एक सुगी गेली, आणि मधल्या उन्हाळ्यात भागाकाकू गेली. म्हातारी होती, जायचीच होती, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

दुसरा बदल आतला होता. मिस्साघरात चार बाकडी होती. त्यावर मास्तर, कधी आल्या तर सिस्टर, आणि गावातलं कुणी पाहुणं आलं तर ते. आम्ही खाली. फादरांनी बाकडी काढून शाळेला दिली आणि स्वतःही सतरंजीवर बसले. चपला बाहेर, वेदी चौरंगाएवढी बुटकी, समई, आरती. हे त्यांच्या मनचं नव्हतं. भारतातल्या बिशपांनी मागितलेल्या अशा बारा गोष्टींना रोमनं २५ एप्रिल १९६९ रोजीच मंजुरी दिली होती: जमिनीवर बसणं, हात जोडणं, आरती, अंगवस्त्र वगैरे. आमच्यापर्यंत त्या यायला अकरा वर्षं लागली, एवढंच. बायांना आवडलं. चपला त्यांनी कधीच आत नेल्या नव्हत्या, कारण चपला नव्हत्याच.

आबांना मात्र ते ताट बघवेना. ते उठून बाहेर गेले. फादर मागून आले तर म्हणाले, "फादरसाहेब, ज्या देवळातनं हे ताट बाहेर आलं का आम्ही लांब उभे राहायचो, ते ताट तुमी हितं कामून आणलाव?" फादरांकडं उत्तर असणार, ते शिकलेले होते. ते बोलले नाहीत. शहरातल्या विद्वानांनी ह्या भारतीयीकरणाचं केवढं कौतुक केलं आहे. पण कोणत्या भारताचं, हा प्रश्न आमच्या अडाणी आबांनी ओट्यावर उभं राहून विचारला होता. पुढं ख्रिस्ती दलितांमधल्या लिहित्या माणसांनीही तोच विचारला. आमच्याकडं ताट गेलं, समई राहिली.

मग हलगी. नानांसारखी हलगी पंचक्रोशीत कुणी वाजवत नव्हतं. लग्न, मयत, पोळा, जत्रा, पाटलाच्या घरचं बाळंतपण, सगळ्याला नाना. मोबदला शिळं अन्न आणि दिवाळीला धोतर. १९७८ साली त्यांनी ती सोडली. त्या जुलैत विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि सगळा मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यात सर्वात वाईट. माझी आत्या बिलोली तालुक्यात दिलेली. टेंभुर्णीला पोचिराम कांबळेंना मारलं, जाळलं, ते आत्यानं तिकडून येऊन सांगितलं. पोचिराम आमच्याच जातीचे. त्या रात्री नानांनी हलगी खुंटीला टांगली आणि पाटलाचा माणूस बोलवायला आला तर "हात दुखलालाय" म्हणून सांगितलं. हात दोन वर्षं दुखत होता. त्याबद्दल त्यांचं सालगड्याचं काम गेलं, तेही इथं लिहून ठेवतो.

फादरांना हे माहीत नव्हतं. त्यांना खुंटीवरचं वाद्य दिसलं. नाताळला मिस्सेत वाजवा म्हणाले. नाना म्हणाले, "न्हाई वाजवत."

"देवासाठी वाजवा की नाना."

"देवासाठीच वाजवत आलो. मरीआईसाठी, मारुतीसाठी. देव तिकडं आत, आमी भायेर. आता ह्या देवासाठी बी वाजवा म्हणता?"

फादर उठून गेले. चार दिवसांनी रात्री आले, जेवायला वाढा म्हणाले. जेवण होईपर्यंत कुणी काही बोललं नाही. हात धुताना नानांना म्हणाले, "मी चुकलो. आता विचारणार नाही." आणि खरंच कधी विचारलं नाही. कुणा साहेबानं, पाटलानं, मास्तरनं किंवा फादरनं आमच्या वाड्यात 'मी चुकलो' म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. नाताळला झांजा वाजल्या.

त्याच नाताळात, मिस्सेतल्या प्रार्थनांमध्ये मृतांची नावं घेतात, तिथं त्यांनी पोचिराम कांबळेंचं नाव घेतलं. नुसतं नाव. अंगावर काटा आला. आम्ही दोन वर्षं ते नाव घरात सुद्धा हळू घेत होतो. आपण ख्रिस्ती, आपला त्यात काही संबंध नाही, असं गावाला दाखवत होतो. मिस्सेनंतर आत्या चुलीपाशी बसून रडली.

१९८३-८४ पासून फादरांकडं टपालानं 'सुवार्ता' यायला लागलं. वसईचं मासिक, ख्रिस्ती समाजाचं. त्याचे नवे संपादक फादर दिब्रिटो. आमचे फादर वाचून झालं की अंक माझ्याकडं फेकायचे. मी तेव्हा डी.एड. करत होतो. ख्रिस्ती मासिकात संत, चमत्कार आणि बिशपांचे दौरे असणार असं मला वाटलं होतं. पण ह्यात ज्ञानोबा-तुकोबा होते, मराठी लेखक होते, आणि ख्रिस्ती नसलेल्या लोकांचे लेख होते. हे मासिक चोवीस वर्षं, २००७ पर्यंत, दिब्रिटोंनी चालवलं.

दिब्रिटो नंदाखालचे, जन्म १९४२ चा, १९७२ साली धर्मगुरू झाले. वसईचे ख्रिस्ती आमच्यासारखे कालचे नव्हेत, पोर्तुगिजांच्या काळातले. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, फिरंगी गेले, पण हे लोक आपल्या वाड्या, केळी आणि पानमळे धरून तिथंच राहिले. घरात सामवेदी, वाडवळी बोलायची, देवळात मराठी. जमीन होती, विहीर होती, म्हणून ताठ होते. आमचे फादर एकदा म्हणाले होते, आमच्याकडं देवळात जाताना माणूस शेतातून जातो. तुमच्याकडं माणूस रांगेतून आला.

पण त्या विहिरींवरच ऐंशीच्या दशकात घाला आला. मुंबई वाढत वाढत वसईच्या वेशीला भिडली. इमारती उठल्या, त्यांना पाणी कुठलं? वाड्यांतल्या विहिरींचं. टँकर रात्रंदिवस उपसायला लागले. समुद्राकाठची जमीन ती, गोडं पाणी उपसलं की खालून खारं वर चढतं, बागा वाळतात. वर हरित पट्टा बांधकामाला मोकळा करायचा घाट. ह्या धंद्यामागं गुंडांच्या टोळ्या होत्या आणि त्यांच्याविरुद्ध बोलायची छाती कुणाला नव्हती. दिब्रिटो आणि त्यांच्या सोबतच्या सर्व धर्मांच्या मंडळींनी हरित वसई संरक्षण समिती उभी केली, मोर्चे काढले. त्यांना धमक्या आल्या. फादरांनी मिस्सा करावी, टँकरच्या भानगडीत कशाला पडावं, असं म्हणणारे ख्रिस्तीच पुष्कळ होते. वसई पूर्ण वाचली असं मी म्हणणार नाही. आज तिथं जाऊन बघा. पण काही वाड्या राहिल्या, आणि तिथला भाविक माणूस देवळातून उठून तहसीलवर गेला, हे त्यांच्यामुळं झालं.

आम्हा लातूरकरांना टँकर म्हणजे काय ते सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून आम्हाला पाजलं. तेव्हा मला 'सुवार्ता'चे ते जुने अंक आठवले.

दिब्रिटोंचं दुसरं काम बायबलाचं. मराठीत बायबल जुनंच. त्याआधीही फादर स्टीफन्ससारख्या इंग्रज जेझुइटानं गोव्यात बसून १६१६ साली ओव्यांमध्ये 'क्रिस्तपुराण' रचलं होतं, आणि पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं, ते १९२४ मध्ये निघालं. दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' आजच्या मराठी वाचकासाठी. साहित्य अकादमीचा पुरस्कार त्याला मिळाला. मी ते आणलं आणि रात्री नानांना वाचून दाखवायचो. आवडलं की ते "हे आपल्यातलं हाय" म्हणायचे. कधी अडले तर "हे अजून वसईचंच हाय". फादर दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी गेले. ते ऐकायला नाना नव्हते, ते कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले.

आता माझं. शाळेच्या दाखल्यावर माझा धर्म हिंदू, जात मांग. आबांनी तसंच घातलं होतं आणि आबांना कारण ठाऊक होतं. १९५० च्या ऑगस्टमधला राष्ट्रपतींचा आदेश असा की, अनुसूचित जाती म्हणजे फक्त हिंदू. पुढं १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती अजून नाहीत. विहिरीवर पोहरा टाकताना आमचा धर्म कुणी विचारत नव्हतं, जात विचारत होतं. दाखल्यावर मात्र धर्म विचारतात आणि धर्म सांगितला की जात पुसली जाते. कागदावर तेवढी. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगानं ही अट काढा म्हणून सांगितलं, २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमला.

डी.एड. झाल्यावर नोकरीचा अर्ज भरायचा होता. मी फादरांकडं गेलो. बाप्तिस्म्याच्या वहीत माझं नाव आहे ते खोडा, असं सांगायला गेलो होतो. ते बराच वेळ फटफटीचा प्लग पुसत बसले. मग म्हणाले, "वही मी खोडत नाही. अर्ज तू भर. कुणी मला विचारायला आलं तर मी खोटं बोलणार नाही, आणि कुणी येणार नाही." कुणी आलं नाही. मला नोकरी लागली. त्या दिवसापासून मी गावातल्या मिस्सेला जायचा बंद झालो. फादरांनी त्याबद्दल एक शब्द विचारला नाही, ह्याचं मला अजून वाईट वाटतं. एखादी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. वर्षभरात त्यांची बदली झाली. निरोप द्यायला अख्खा वाडा फाट्यापर्यंत गेला. माझी शाळा होती, मी शाळेत होतो. रजा मिळाली असती.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, मी नव्यानं काय लिहू. आमच्या गावात माणूस गेलं नाही. मिस्साघराची मागची भिंत पडली, कणगी त्या भिंतीला टेकून होती, ती फुटली आणि ज्वारी मातीत मिसळली. बायांनी ती तीन दिवस पाखडून वेगळी केली. किल्लारीकडं जाणाऱ्या पहिल्या ट्रॅक्टरमध्ये त्यातली चार पोती गेली. देणाऱ्यांत आमचं नाव लागायची ती पहिली वेळ. साडेतीन महिन्यांनी, १४ जानेवारी १९९४ ला, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं. त्या रात्री नानांनी खुंटीवरची हलगी काढली, शेकोटीवर तापवली आणि वाड्याच्या तोंडाशी उभं राहून पहाटेपर्यंत वाजवली. पुढच्या रविवारी ती घेऊन मिस्सेला गेले. कुणी सांगितलं नव्हतं. सांगणारे फादर तर कधीच गेलेले.

तर उस्मानाबादचा मांडव. दिब्रिटो बोलायला लागले. नानांना निम्मं कळत नव्हतं, पण मान हलवत होते. मध्येच पुढच्या रांगेतल्या शिक्षकाच्या खांद्याला हात लावून मोठ्यानं म्हणाले, "आमचे फादर हायत. आमच्यातले." तो मागं वळला. आधी नानांच्या गळ्यातल्या क्रूसाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "सर, तुम्ही ख्रिश्चन आहात?"

मी "हो" म्हणालो.

"कधी बोलला नाहीत."

मी काही बोललो नाही. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. राग नव्हता. हिशेब करत असावा, मी कुठल्या जागेवर लागलो होतो त्याचा. त्यानं तो केला असला तर त्याचं चूक नाही. थोड्या वेळानं त्यानं शेंगदाण्याची पुडी मागं नानांकडं सरकवली. नानांनी घेतली, मला दिली नाही.

परतीच्या एसटीत नाना खिडकीला टेकून बसले होते. ढोकीच्या पुढं कुठंतरी अंधारात म्हणाले, "चांगले हायत हे फादर. आपल्या फादरावानी. थकलेत लई." मग बराच वेळ गप्प. मला वाटलं झोपले. मुरूड आलं, माणसं उतरली-चढली, गाडी निघाली, तेव्हा म्हणाले, "पर भागाकाकूचा गहू तेवढा बंद करायला नको होता त्यांनी."